तीन रविवार, दोन मॉड्यूल आणि बोटभर वायर

वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गाडीने झटके द्यायला सुरुवात केली तेव्हा मे महिना होता आणि दुपारचा एक वाजला होता. खाली जुना रस्ता, डोक्यावर मेट्रो, मध्ये आपण. पूल ३.१४ किलोमीटरचा, आणि अजनीकडून एकदा चढलं की विमानतळाच्या बाजूला उतरेपर्यंत सुटका नाही. मागचा टँकर हॉर्न सोडायला तयार नव्हता. माझी गाडी म्हणजे १९७७ची अँबेसेडर मार्क थ्री, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मूळची मोठ्या बाबांची. ते गेल्यावर चुलतभावांनी "तुलाच हौस आहे, तूच ने" म्हणून माझ्या गळ्यात मारली. हौस होती हे खरंच.

झटक्यांची एक तऱ्हा होती. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने, पाय अगदी हलका ठेवून चाललो की गाडी उचक्या द्यायची. ॲक्सिलरेटर दाबला की गुमान पळायची. चौकात उभी असताना स्लोवर घड्याळासारखी. हे लक्षण मी घाट रोडच्या मेकॅनिक चाचांना किमान सहा वेळा सांगितलं असेल, आणि त्यांनी सहाही वेळा पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. दर वेळी आठ-दहा दिवस गाडी अशी चालायची की विचारू नका, मग पुन्हा तेच. उन्हाळ्यात लोकांचं निदान वेगळं. ज्याला-त्याला वाटायचं पेट्रोलची वाफ होते आहे. पार्किंगमधले एक काका तर ओलं फडकं घेऊनच यायचे आणि पेट्रोल पंपावर गुंडाळून जायचे. तेवढ्या वेळात गाडी थंड व्हायची, चालू व्हायची, आणि काकांचा फडक्यावरचा विश्वास वाढायचा.

मी वीज कंपनीत मीटर टेस्टिंगला आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं अकरा हजार व्होल्टच्या लायनींवर गेली. बारा व्होल्टच्या गाडीने माझे तीन रविवार खाल्ले हे ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पॉइंट म्हणजे काय, ते थोडक्यात. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा डबा. त्याच्या आत चार कोनांचा कॅम फिरतो आणि एक बारका स्विच उघडतो-मिटतो. मिटलेला असताना कॉइलमधून चारेक अँपियर करंट वाहतो. उघडला की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट उसळतात, तोच प्लगवरचा स्पार्क. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला शंभर स्पार्क. म्हणजे तो इवलासा स्विच सेकंदाला शंभर वेळा चार अँपियर तोडतो. त्याची टोकं जळतात, कॅमला घासणारी टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. पुस्तकात गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच दिला आहे. चाचा फिलर गेज वापरत नाहीत, नजरेने लावतात. प्लगचा गॅप मात्र हॅकसॉच्या पात्याने पाहतात. मी एकदा हसलो आणि घरी येऊन पातं मायक्रोमीटरने मोजलं, तर बरोबर ०.०२५ इंच. पुस्तकात प्लगचा गॅप तेवढाच आहे. त्यानंतर हसणं बंद.

तर या पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट मिळतं. डिस्ट्रिब्युटर लुकास २५डी४ जातीचा असेल तर सहज मिळतं, कारण तेच डिस्ट्रिब्युटर इंग्लंडच्या शेकडो जुन्या मॉडेलांत आहे. कॅमवर चार मॅग्नेटची रिंग चढवायची, पॉइंटच्या जागी सेन्सरचं काळं डबडं, म्हणजे मॉड्यूल, स्क्रूने बसवायचं, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मॅग्नेट समोरून गेला की सेन्सर कॉइलचा करंट तोडतो. घासणारं काही नाही, जळणारं काही नाही. लेक बीएस्सीला आहे, ती म्हणाली, "बाबा, हा तर हॉल इफेक्ट, १८७९चा. तुमच्या गाडीपेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी जुना!" मला वाटलं होतं काहीतरी आधुनिक करतो आहे.

पहिला रविवार झकास गेला. सकाळी सहाला पार्किंगमध्ये उतरलो, कारण नऊनंतर बॉनेटला हात लागत नाही. सगळ्यात आधी बॅटरी पाहिली. जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असायचा, आणि तशा गाडीला साधं किट लावलं की ते पहिल्या चावीलाच जातं. माझी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे मायनस बॉडीला जोडलेली, निघाली. मग कॉइल. वायरी काढून दोन टोकांमध्ये मोजलं, ३.१ ओहम. म्हणजे पूर्ण बारा व्होल्टवर चालणारी साधी कॉइल, मध्ये व्होल्ट कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर नाही. तो असता तर लाल वायर त्याच्या अलीकडून घ्यावी लागली असती. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, त्यातलं एसडब्ल्यू स्विचकडचं. वायरींच्या रंगांवर विसंबायची सोय नव्हती. मूळ लुकासच्या पद्धतीत इग्निशनची वायर पांढरी आणि कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी पांढरी-काळी असते म्हणे. माझ्या गाडीत चाळीस वर्षांतल्या वायरिंगवाल्यांच्या कृपेने लाल, लाल आणि लाल होत्या.

दोन्ही क्लिपा सोडवून कॅप बाजूला केलं, रोटर उपसला. आत पॉइंट, कंडेन्सर, आणि कापडी वेष्टणाची बोटभर लांबीची एक वायर. तिचं एक टोक कंडेन्सरच्याच स्क्रूखाली होतं. कंडेन्सर काढला आणि ते टोक त्याच स्क्रूने परत आवळून ठेवलं. वायर कशासाठी आहे ते कळत होतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्ससाठी, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगी थोडी आधी पडावी म्हणून, वरची प्लेट थोडी फिरते, आणि तिला खालच्या प्लेटशी कायम अर्थ मिळावा म्हणून ही. मीटर बझरवर ठेवून एकदा टेकवून पाहिला. पीं वाजलं. पुढे सरकलो.

हे "पीं वाजलं, पुढे सरकलो" लक्षात ठेवा.

रिंग बसवली, सेन्सर बसवला, रोटर दाबला. रोटर रिंगवर पूर्ण खाली बसला आहे ना, हे दोनदा पाहिलं, कारण तो दोन मिलिमीटर वर राहिला तर कॅपमधला कार्बन चिरडतो. प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या होत्या, त्याही बदलून कार्बनवाल्या घातल्या. तांब्याच्या वायरी रेडिओसारखी खरखर फेकतात आणि सेन्सर भांबावतो. सगळं मिळून पाऊण तास. सेल्फ मारला, अर्ध्या फेरीत इंजिन पकडलं. बायको वरून गॅलरीतून म्हणाली, "आज एवढ्या लवकर?"

टायमिंग मात्र एकट्याने होईना म्हणून संध्याकाळी चाचांकडे गेलो. पुलीवरची खाच इतकी काळी झालेली की टायमिंग लाइटच्या उजेडात दिसेना. चाचांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीतून बोटावर चुना घेतला आणि खाचेत भरला. स्ट्रोबच्या उजेडात ती पांढरी रेघ अशी स्थिर उभी राहिली की टायमिंग कव्हरच्या दातांसमोर सूतभरही हलेना. पॉइंटवर हीच रेघ थरथरायची. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूची बारकी फिरकी दोन-तीन घर फिरवून टायमिंग बसवलं. "खर्रा सोडा म्हणून तुम्हीच सांगता ना भाऊ," चाचा म्हणाले, "आता चुना कुठून आणला असता?"

पाचव्या दिवशी, रहाटे कॉलनी चौकाच्या थोडं अलीकडे, पाय हलका, वेग चाळीस. उचकी.

आता संशय कोणावर जाणार? नव्या माणसावरच. मला खात्री पटली की डबडं गरमीत मान टाकतं आहे. हे किट बनवणाऱ्यांनी नागपूरचा मे कुठे पाहिलाय! २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९पर्यंत गेला होता, आणि बॉनेटखालचं तर बोलायलाच नको. शिवाय २०२४च्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली होती, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. हा किस्सा मी त्या आठवड्यात भेटेल त्याला ऐकवत होतो. नागपुरात हवामान खात्याचा सेन्सर टिकत नाही, तिथे माझ्या डब्यातला काय टिकणार, असा माझा युक्तिवाद.

दुसऱ्या रविवारी वायरिंग शोधायला बसलो. चावी ऑन, इंजिन बंद, हातात टेस्ट लॅम्प. डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक लाल वायर कुठून कुठे जाते ते कागदावर काढत होतो. काम रंगलं. मध्ये चहा झाला, शेजाऱ्यांशी गप्पा झाल्या. अर्ध्या-पाऊण तासाने नाकाला वास आला. कॉइलला हात लावला तर चटका बसला, आणि डिस्ट्रिब्युटरमधून गरम बेकलाइटसारखा वास. इंजिन नेमकं अशा जागी थांबलं होतं की सेन्सरसमोर मॅग्नेट नव्हता, म्हणजे करंट चालूच. पॉइंट मिटलेले असताना असंच विसरलो असतो तर फार तर कॉइल तापली असती. इथे मॉड्यूल गेलं. चाचांच्या भाषेत, करंट बंद.

किटसोबतचा बारीक अक्षरातला कागद मग उघडला. तिसऱ्या ओळीतच लिहिलं होतं की इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नये. विकणाऱ्याला फोन केला, त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "चावी ऑन राहिली होती का?" मी खोटं बोललो नाही. नवं मॉड्यूल स्वतःच्या पैशाने मागवलं. ते यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस जुने पॉइंट लावून फिरलो आणि गाडी, अर्थातच, एकदाही उचकली नाही.

खरं तर इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नवे पॉइंट बसवले की आठ दिवस बरी. किट बसवलं की चार दिवस बरी. जुने पॉइंट परत लावले, तरी बरी. म्हणजे आत काय बसवलं याचा संबंध नव्हता, आत हात गेला याचा होता. पण हे कळलं तिसऱ्या रविवारी, आणि तेही वाकड्या वाटेने.

त्या दिवशी ठरवलं की डोकं ऑफिसातलं वापरायचं. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की आधी मीटर बदलत नाहीत, आधी त्याच्यापर्यंत किती पोहोचतं ते पाहतात. बॅटरीवर मोजले, १२.४ व्होल्ट. चावी ऑन करून कॉइलच्या प्लसवर मोजले, १०.७. पावणेदोन व्होल्ट वाटेत गेले! इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट, फायरवॉलमधले काळे पडलेले जोड, वायरींना मारलेल्या गाठी, सगळ्यांनी आपापला वाटा घेतला होता. इंजिन तापलं की कॉइलचा रेझिस्टन्सही वाढतो, म्हणजे आणखी कमी.

त्यावर उपाय सोपा, रिले. घाट रोडवर हॉर्नसाठी मिळतो तोच चार पिनांचा. तीस नंबरला बॅटरीकडून थेट जाड वायर, मध्ये दहा अँपियरचा फ्यूज. सत्त्याऐंशीवरून कॉइलचा प्लस आणि मॉड्यूलची लाल. स्विचकडून येणारी जुनी वायर शहाऐंशीला, पंच्याऐंशी बॉडीला. आता जुन्या वायरीला फक्त रिले ओढायचा, चार अँपियर वाहायचे नाहीत. कॉइलवर १२.२ आले. जोड पिळून टेप गुंडाळायचा मोह आवरला, वायरींच्या टोकांना धातूचे थिंबल दाबले आणि वर स्लीव्ह चढवून तापवली.

येण्याची वाट झाली. जाण्याची राहिली होती. करंट मॉड्यूलमधून वरच्या प्लेटमध्ये, तिथून त्या बोटभर वायरीने खालच्या प्लेटमध्ये, डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीत, इंजिनात आणि बॅटरीच्या मायनसला. पहिल्या दिवशी बझर वाजला होता ना? बझर वीस-तीस ओहमलासुद्धा वाजतो. चार अँपियरला अर्धा ओहमही दोन व्होल्ट खातो. लायनीवरचा ढिला जंपर, म्हणजे जोडतार, मीटरवर ठीक दिसतो आणि लोड आला की लाल होतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. स्वतःच्या गाडीत मात्र पीं ऐकून पुढे सरकलो होतो.

म्हणून करंट वाहता ठेवून मोजायचं ठरलं. कॅप काढलं, नवं मॉड्यूल जोडलं, मीटरची एक पिन वरच्या प्लेटवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. लेकीला मीटर दिला आणि सांगितलं, वीस मोजून झाले की ओरड, मी चावी बंद करीन. एक मॉड्यूल जाळलं होतं, दुसरं जाळायची ऐपत नव्हती.

"झिरो पॉइंट झिरो आठ," ती म्हणाली. उत्तम. या वाटेत जवळजवळ व्होल्ट हरवत नव्हते, म्हणजे अर्थही ठीक. मग गाडी उचकते कुठे?

पाय हलका असताना. पाय हलका असताना काय वेगळं होतं? थ्रॉटल जेमतेम उघडा असतो तेव्हा कार्ब्युरेटरकडून येणारी बारकी नळी हवा ओढते, आणि व्हॅक्यूमचा डबा वरची प्लेट फिरवतो. स्लोवर ओढ नसते. पाय पूर्ण दाबला की ओढ जाते आणि प्लेट जागेवर येते. सहा वेळा चाचांना सांगितलेलं लक्षण हेच तर होतं.

नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक उपसलं, पँटला पुसलं आणि तोंडात धरलं. पार्किंगमधून दूधवाला जात होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. चावी ऑन. मी जोरात हवा ओढली. तोंडात जुन्या पेट्रोलची आणि रबराची चव आली. डोळ्यांसमोर प्लेट हळूच, दोन-तीन मिलिमीटर, सरकली.

"बाबा, वन पॉइंट सिक्स! थांबा, परत खाली... झिरो पॉइंट थ्री... वन पॉइंट नाइन!"

वीस केव्हाच होऊन गेले होते. चावी बंद केली.

कापडी वेष्टणाची ती वायर चिमट्याने उचलली. बाहेरून धड. मधोमध वाकवली तर दोऱ्यासारखी लुळी पडली. ब्लेडने कापड चिरलं. आत तांब्याचे तंतू एका ठिकाणी सगळे तुटलेले, टोकं हिरवी-काळी, एकमेकांना टेकून उभी. प्लेट फिरली की सुटायची, परत आली की टेकायची. दर वेळी पॉइंट बदलताना चाचांचा हात लागायचा, टोकं नव्याने जुळायची आणि आठ दिवस बरे जायचे. तुटल्यावर उरलेला अर्थ दोन प्लेटांमधल्या ग्रीसमधून जसा जमेल तसा.

तशीच वायर कुठे मिळेना. साधी गाडीची वायर घातली तर ती कडक, प्लेटला फिरू देत नाही आणि पुन्हा तिथेच तुटते. इतक्या वेळा वाकूनही न तुटणारी वायर घरातच होती. जुन्या मल्टिमीटरची काळी प्रोब. तिच्यात केसाइतके बारीक तंतू असतात. ती बोटभर कापली, दोन्ही टोकांना बारके थिंबल दाबले. सोल्डर मुद्दाम घातला नाही, कारण सोल्डर वायरीत चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. मग तिला एक सैल वळण देऊन रिंगपासून दूर बसवली. पुन्हा नळी तोंडात. लेक म्हणाली, "झिरो पॉइंट झिरो पाच. हलतच नाही. बाबा, बास आता, तोंड धुवा."

चार वाजता ऊन मरायची वाट न पाहता निघालो. पुलावर चढल्यावर मुद्दाम पाय हलका केला. चाळीस. पंचेचाळीस. ३.१४ किलोमीटर. खापरीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो, पुन्हा चढलो.

घाट रोडला चाचा एका जुन्या डिझेल जीपखाली होते. तुटलेली वायर त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चष्मा वर करून पाहिली, उजेडाकडे धरली, कापड बोटाने बाजूला केलं.

"आता हे पॉइंटवरही चाललं असतं की नाही?" मी विचारलं.

"चाललं असतं ना भाऊ. काऊन नाही चाललं असतं?" ते म्हणाले. "सहा येळा पॉइंटचे पैसे घेतले तुमच्याकडून." थोडा वेळ वायर तशीच धरून बसले. मग गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या पांढऱ्या अँबेसेडरकडे पाहून पोराला हाक मारली, "अरे, त्या गाडीचं कॅप काढ बे. आन् चिमटा आण."